बोटभर पाणी

मी नोकरीभर पाणी भरलं आणि त्याचा पगार घेतला. ते पाणी कुणी प्यायलं नाही, त्यात कुणाचं धुणं झालं नाही, आणि पिकाला तर ते कधीच गेलं नाही. पेडगावच्या माझ्या मावशीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली, "एवढी शिकलीस, हैद्राबादला ऱ्हायलीस, आन् शेवटी टाकीच भरायलीस व्हय? मंग हितं काय टाक्या न्हवत्या?"

मावशीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कॅन्सरच्या दवाखान्यात किरण देणारं मोठं मशीन असतं. त्यातून निघणारा किरण मोजणं हे माझं काम. आमच्या पदाला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. डॉक्टर रोग बघतात, तंत्रज्ञ मशीन चालवतात, आणि आम्ही त्या दोघांच्या मधे मोजपट्टी घेऊन उभे असतो. कॉलनीतल्या लोकांना हे समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. त्यांनी मला परस्पर डॉक्टर ठरवून टाकलं होतं. सकाळी फिरायला निघाले की कुणीतरी गुडघा पुढं करायचं. मी खोबरेल तेल सांगायचे. त्यानं कुणाचं वाईट झालं नाही, दोघातिघांचे गुडघे तर बरेही झाले म्हणे.

आता लिहायलाच बसले आहे तर धंदा काय ते सांगून टाकते. मशीनच्या पोटात धातूची एक नळी असते. तिच्या एका टोकाला तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. नळीतून जाताना विजेच्या लाटा त्यांना मागून ढकलत राहतात, आणि दुसऱ्या टोकाशी येईतो त्यांचा वेग जवळजवळ प्रकाशाएवढा होतो. गाठ खोल असेल तर हे कण धातूच्या तुकड्यावर आपटवून त्यातून क्ष-किरण काढतात. रोग वरवर असेल तर कणांचा झोत तसाच अंगावर सोडतात. तो दिसत नाही, टोचत नाही, भाजत नाही. पेशंट टेबलावर पडून राहतो, थोडा वेळ मशीन घुमतं, आणि झालं म्हणून त्याला उठवतात. बरेच जण उठताना विचारतात, "झालं? काईच तर न्हाई झालं."

काहीच झालं नाही असं वाटत असताना नेमकं काय झालं, ते कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. त्यासाठी दोन गोष्टी बघायच्या. झोत आडवा कसा पसरलाय, म्हणजे मध्यभागी जेवढे कण पडतात तेवढेच कडेलाही पडतात ना, की तो एका अंगाला झुकलाय. आणि झोत उभा कसा उतरतो, म्हणजे अंगात शिरल्यावर कुठं त्याचा जोर सगळ्यात जास्त आणि कुठं तो संपतो. जिवंत माणसात शिरून हे मोजता येत नाही. पण माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून माणसाच्या जागी पाणी ठेवायचं. जाड पारदर्शक प्लास्टिकची एक चौकोनी टाकी असते. तिच्यातल्या पाण्यात शेंगदाण्याएवढं एक मापक असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. मोटर त्याला पाण्यात आडवं-उभं फिरवते, वरून झोत सोडायचा, आणि बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर रेघ उमटत जाते. आडवी रेघ चांगली आली तर पालथ्या घातलेल्या परातीसारखी दिसते. उभी रेघ थोडी चढते आणि मग उताराला लागते. इलेक्ट्रॉनची तर फार चटकन उतरते. ठरावीक खोलीच्या पुढं ते जातच नाहीत, म्हणून तर ते कामाचे.

मी हैदराबादला लागले तेव्हा असा कॉम्प्युटर नव्हता. चेंबर हातानं सरकवायचं, बाहेर यायचं, जाड दार लावायचं, झोत सोडायचा, आकडा टिपायचा, पुन्हा आत जायचं आणि केसभर सरकवायचं. दिवस सरायचा तेव्हा एक रेघ पुरी व्हायची. ती आम्ही आलेखाच्या कागदावर टोकदार पेन्सिलीनं काढायचो. आमचे तिथले साहेब मागं उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "जल्दी का काम शैतान का, अम्मा." हात थोडा जरी थरथरला तरी नवा कागद. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोलले आहे. आता ती पेन्सिल, तो कागद आणि साहेबांच्या विड्यांचा वास यांची इतकी आठवण येते की सांगता सोय नाही. हल्लीची पोरं दुपारच्या चहाआधी पन्नास रेघा काढतात. हुशार आहेत, माझ्याहून नक्कीच हुशार आहेत. पण रेघ हातून काढलेली नसली की ती ओळखीची होत नाही, असं माझं जुनं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

नोकरीची शेवटची वर्षं परभणीत काढायला मिळाली. इथल्या एका दवाखान्यानं मशीन आणलं आणि मला बोलावलं. मी उड्या मारत आले. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला किरणांसाठी महिना दीड महिना परमुलखात पडून राहावं लागू नये, ही एक गोष्ट झालीच, पण खरं सांगायचं तर मला आपली भाषा ऐकत काम करायचं होतं. पहिल्याच आठवड्यात झरीचे एक रिटायर तलाठी पेशंट म्हणून आले. त्यांनी टेबलावर झोपायला साफ नकार दिला. म्हणाले, "मॅडम, आधी नकाशा दावा. कोनती जमीन, किती जमीन, हद्द कुठं. मग मोजणी." मी त्यांना त्यांच्या झोताची आडवी रेघ छापून दिली. चष्मा लावून त्यांनी दोन्ही कडांवरून बोट फिरवलं, "बांध सरळ हाय," म्हणाले, कागदाची घडी करून खिशात घातली आणि झोपले. नोकरीत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

इथली अडचण होती ती पाण्याची. नळाचं पाणी जड, टँकरचं गढूळ, म्हणून टाकीसाठी जारचं गाळलेलं पाणी मागवावं लागे. माप झालं की ते सोडून द्यायचं, तर ते बघून सगळ्यांचा जीव खालीवर व्हायचा. आमच्या विभागाची झाडलोट आणि राखण गयाबाई करायच्या. झरीच्याच. त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की या टाकीचा एक थेंब मोरीत जाणार नाही. मापं संपली की त्या बादल्या भरून मागच्या कडुनिंबाला नेऊन घालायच्या. ते झाड परभणीच्या उन्हाळ्यातही हिरवंगार राहिलं, त्याचं श्रेय आमच्या खात्याला आहे.

दुसरी अडचण म्हणजे इथं पाणी उडून जातं. चैत्र-वैशाखात उघडी टाकी तासाभरात हळूच उतरते. आणि पाणी उतरलं की चेंबर पाण्यात जेवढं खोल आहे असं आपण समजतो तेवढं ते राहत नाही, रेघच खोटी येते. म्हणून मी टाकीच्या भिंतीला एक बारीक चिकटपट्टी लावली होती आणि गयाबाईंना रोज बजावत होते, "पाणी पट्टीच्या खाली जाऊ द्यायचं नाही." त्यांनी एकदा विचारलं, हे एवढं पाणी कशाला जपायचं. मी सांगितलं, हे पाणी नाही गयाबाई, हा पेशंट आहे. माणसाच्या जागी ठेवलंय त्याला. याच्या अंगात झोत कुठवर जातो ते बघायचं आणि मग खऱ्या माणसावर सोडायचा. त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून त्या टाकीशी चप्पल काढून जायच्या. मला ते गमतीचं वाटायचं.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगितलं तो दिवस.

एका वर्षी चैत्र सरता सरता मशीनची गन गेली. गन म्हणजे जिथून इलेक्ट्रॉन सुटतात तो भाग. नवी गन घेऊन पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर आले, सबनीस नावाचे. स्वभावानं सज्जन, हात चलाख, आणि घड्याळाकडं बघण्याची सवय. गन बसवायला काही दिवस गेले आणि तोवर सगळ्यांचे किरण थांबले. किरण रोज थोडे थोडे देत अनेक आठवडे चालवायचे असतात. मधे खंड पडला तर अर्ध्यावर सोडलेल्या खुरपणीसारखं होतं, उरलेलं तण पुन्हा उभं राहतं. पेशंट आणि त्यांच्याबरोबरची माणसं दवाखान्याच्या वऱ्हांड्यातच पथाऱ्या टाकून बसून राहिली, कारण मशीन आज सुरू होईल, उद्या होईल, अशीच आम्ही त्यांना आशा दाखवत होतो.

त्यांतल्या एक होत्या रुक्मिणबाई. पालमच्या पलीकडच्या एका वाडीच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. त्यांचा डावा स्तन ऑपरेशन करून काढला होता आणि छातीवर इलेक्ट्रॉनचा झोत चालू होता. निम्मं झालं होतं, निम्मं राहिलं होतं. मी वऱ्हांड्यातून गेले की त्या हाक मारायच्या.

"बाई, कवा सुरू व्हयाचं मशीन?"

"होईल हो दोन दिवसांत."

"तुमचे दोन दिवस लय लांब ऱ्हातेत. पुतन्याला एकट्याला मेंढरं आवरंनात. उद्याच्याला झालं तर ठीक, न्हाई तर मी परवाच्या यष्टीनं जाते. अर्धं झालंय ते पुरं मला."

अर्धं पुरं नसतं. आमचे डॉक्टर पाथरीकर मला एकीकडं बोलावून म्हणाले, "मॅडम, ही बाई गेली तर परत यायची नाही, आणि रोग मात्र परत येईल. उद्या संध्याकाळपर्यंत मला झोत मोजून द्या." पाथरीकर उगाच घाई करणारे नव्हते. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती मलाही लागली.

तो दुसरा दिवस नेमका अक्षय तृतीयेचा होता. आपल्याकडं हा पितरांचा दिवस. घरोघरी नवी घागर भरतात, गेलेल्या माणसांच्या नावानं तीळपाणी घालतात, आंब्याचा रस करतात. मी सकाळी लवकर टाकी भरली, पाणी पट्टीशी बरोबर जुळवलं आणि रुक्मिणबाईंच्या झोताची उभी रेघ काढली. सुरेख आली, जुन्या गनच्या रेघेवर डोळे झाकून बसवावी अशी. दुपारी तीच पुन्हा काढून खात्री करायची, म्हणजे काम फत्ते. तेवढ्यात लाइट गेली. एसी बंद पडले, बंकर तापायला लागलं. बंकर म्हणजे मशीनची जाड भिंतींची खोली. हवा खेळावी म्हणून तिचं दार उघडं ठेवलं, मशीनची किल्ली मी पर्समध्ये टाकली आणि गयाबाईंना दाराशी बसवलं. निघताना सवयीनं म्हटलं, "पाण्याकडं लक्ष ठेवा, कमी होऊ देऊ नका." पाथरीकर मला आणि सबनीसांना घरी रस खायला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी वाढायचं थांबवलं तेव्हा आम्हाला उठता येत नव्हतं.

परत आलो तेव्हा लाइट आली होती. मी आत जाऊन टाकीवर ओझरती नजर टाकली, पाणी पट्टीच्या खाली गेलेलं नव्हतं. दार लावलं, झोत सोडला, रेघ काढली. रेघ आखूड आली होती. झोत सकाळी जिथवर पोचत होता, त्याच्या बोटभर अलीकडंच संपत होता.

सबनीस म्हणाले, "नवी गन आहे मॅडम, तापल्यावर ऊर्जा उतरली असणार. अर्ध्या तासात वाढवून देतो." पाथरीकर म्हणाले, "मग द्या वाढवून." बाहेर वऱ्हांड्यात रुक्मिणबाई बोचकं बांधून भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या काचेतून मला दिसत होत्या. सबनीसांनी मशीनचं झाकण काढलंसुद्धा.

बोटभर म्हणजे काय, ते सांगते. रुक्मिणबाईंच्या छातीची भिंत पातळ होती. तिच्या मागं फुप्फुस आणि डाव्या अंगाला हृदय. झोत भिंतीत थांबायला हवा, म्हणून तर तो नेमून दिलेला. झोत खरोखरच कमी पडत असेल तर रोग राहून जाणार. आणि तो कमी पडत नसताना आपण वाढवला, तर उरलेले सगळे दिवस तो त्या बाईच्या हृदयात बोटभर शिरणार, आणि टेबलावरून उठताना ती म्हणणार, काहीच झालं नाही.

मी दोन्ही रेघा छापून घेतल्या. सकाळचा कागद आणि दुपारचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर उजेडात धरले. ऊर्जा उतरली असती तर रेघेचा आकार बदलला असता, उतार जास्त खडा झाला असता. इथं आकार तोच होता. कागद थोडासा सरकवला तर एका रेघेवर दुसरी तंतोतंत बसत होती. आकार न बदलता रेघ फक्त जागची हलली होती.

"सबनीस, थांबा जरा. हात लावू नका."

ते थांबले, पण नाराज झाले. "पाणी तुम्हीच तपासलंत ना मॅडम?"

"तपासलं की. कमी झालेलं नाही."

हे बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. कमी झालेलं नाही एवढंच मी बघितलं होतं. पाणी कमी होतं हे परभणीत जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण ते आपण होऊन वाढेल हे त्याच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. मी आत धावले. चिकटपट्टी पाण्याच्या खाली गेली होती. बोटभर खाली. आणि पाण्यावर काळे तीळ तरंगत होते.

मी गयाबाईंना हाक मारली. त्या आल्या, माझं तोंड बघितलं आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. पाथरीकरही मागोमाग आत आले.

"गयाबाई, यात पाणी कुणी घातलं?"

"म्या घातलं बाई. एक तांब्या."

"एका तांब्यानं एवढं चढत नाही. आणि कामून घातलं? मी काय सांगितलं होतं?"

"तुमीच सांगितल्तं न्हवं, हे पानी मान्साच्या जागी हाय मनून." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. "आमच्या मालकाला ह्या मशीनचा टाइम घावला न्हाई. हैद्राबादला नंबर लागस्तोवर गेले ते. आज आखिती. ड्युटी सोडून घरी कुठं घागर भरायला जाऊ? मला वाटलं, हितंच घालावा एक तांब्या त्यायच्या नावानं. समद्यायला किरन लागायलेत, त्यायला बी लागतील." मग म्हणाल्या, "मी घालायली ते वऱ्हांड्यातल्या बायायनं बगितलं. त्या बी आल्या तांबे घेऊन. त्यायचं बी कोनी ना कोनी गेलेलंच हाय की बाई. त्यायला न्हाई कसं मनू?"

पाथरीकर संतापले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "उद्यापासून कामावर येऊ नका," म्हणाले. मलाही राग यायला हवा होता, पण आला नाही, खरं तेच लिहिते. मला भीती वाटत होती. अर्धा तास आणखी गेला असता तर काय झालं असतं, तेच डोळ्यांपुढं येत होतं. आणि त्याच वेळी त्या तिळांवरून माझी नजर हटत नव्हती.

मी म्हटलं, "डॉक्टर, टाकीला हात लावू नका असं मी त्यांना कधी सांगितलेलंच नाही. पाणी कमी होऊ देऊ नका, एवढंच रोज सांगत आले. त्यांनी ते मनापासून ऐकलं. काढायचं तर दोघींना काढा."

पाथरीकर "आधी मला झोत द्या," म्हणून बाहेर निघून गेले. त्यानंतर गयाबाईंच्या नोकरीचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

आम्ही दोघींनी चहाच्या गाळणीनं तीळ उचलले. मगानं वरचं पाणी काढत काढत पट्टीशी आणलं. मग मी गुडघ्यावर बसून चेंबर पाण्याच्या रेषेशी आणलं. पाण्यातलं अर्धं चेंबर खाली आणि त्याचं प्रतिबिंब वर, दोन्ही मिळून एक पुरा गोल दिसला की ते पाण्याच्या पृष्ठभागाशी बरोबर आलं असं समजायचं. हे मला हैदराबादच्या साहेबांनी शिकवलेलं. गोल पुरा झाला. दार लावून झोत सोडला. रेघ चढली, वळली, उतरली आणि सकाळच्या रेघेवर जाऊन बसली.

सबनीसांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट फिरवलं. "मी वाढवून टाकलं असतं मॅडम," म्हणाले. मी "हो" म्हटलं. ते खुर्चीत बसले आणि त्या संध्याकाळी त्यांनी घड्याळाकडं बघितल्याचं मला आठवत नाही.

काढलेलं पाणी गयाबाईंनी बादलीतून कडुनिंबाकडं नेलं. वऱ्हांड्यातल्या बाया एकेक करून उठल्या आणि त्यांच्या मागून गेल्या. मी रुक्मिणबाईंना सांगितलं, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. त्यांनी बोचकं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलावर झोपल्या. त्यांच्या छातीवरच्या खुणा मी एकदा स्वतः जुळवून बघत होते. त्या छताकडं बघत म्हणाल्या, "बाई, काल ते पानी काडलं मने तुमी."

"काढलं. जास्त झालं होतं."

"त्यात माझा बी तांब्या व्हता."

"मालकांच्या नावाचा का?"

"त्यायला तर मी दर सालाला घालते. काल माझ्या नावानं घातल्ता." आणि मला कळलं नाहीसं वाटून त्यांनी उलगडून सांगितलं. "माझ्या मागं कोन हाय घालायला? पुतन्या सोत्ताच्या बापाला घालंना, मला काय घालतोय. मनलं, जिती हाय तवर आपलं आपुन घालून मोकळं व्हावं. आखिती सापडल न सापडल पुना."

माझा हात तिथंच थांबला. मी म्हटलं, "म्हणूनच माप चुकलं, रुक्मिणबाई. जिवंत माणसाचं पाणी त्यात चालत नाही."

त्या हसल्या. दात थोडेच राहिले होते. "मशीनला कळतंय व्हय तसलं?"

"मशीनला नाही कळत. मला कळतं."

"बरं माय," म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी बाहेर आले, दार लागलं, मशीन घुमलं. पडद्यावर त्यांचा श्वास वरखाली होताना दिसत होता. आत जे चाललं होतं ते कुठवर जातंय आणि कुठं थांबतंय, हे मला पक्कं ठाऊक होतं. नोकरीत तेवढं समाधान पुष्कळ झालं.

त्यांचे किरण पुरे झाले आणि त्या पालमच्या एसटीनं गेल्या. पुढं वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिल्या. मेंढरं कुठं बसली आहेत त्यावर त्यांची तारीख ठरायची, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाही. आल्या की माझ्या खोलीत डोकावून "माप बरं हाय का?" म्हणून विचारायच्या. मी रिटायर झाले तेव्हा त्यांनी एक घोंगडी आणून दिली. परभणीच्या उन्हाळ्यात ती बघूनच घाम फुटतो, पण मी ती माळ्यावर टाकून दिलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात गयाबाईंचा फोन आला. "बाई, रुक्मिण गेली. त्या रोगानं न्हाई, वयानं गेली. सकाळपतुर मेंढरात व्हती मने." मी फोन ठेवला. ज्यांच्यासाठी आपण किरण मोजला त्यांतली किती माणसं वयानं गेली, हे आम्हाला सहसा कळत नाही. वाईट झालं तेवढंच परत दवाखान्यात येतं.

मी सणवार, पितर वगैरे काही पाळत नाही. आईवडलांचंही केलं नाही, त्यावरून भावांची बोलणी खाल्ली आहेत. पण या अक्षय तृतीयेला सकाळी उठले, तांब्या भरला, त्यात चिमूटभर काळे तीळ टाकले आणि अंगणात जाऊन रुक्मिणबाईंचं नाव घेऊन ओतला. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. आत आले, तांब्या जागेवर ठेवला, आणि पुन्हा उचलला. आणखी एक भरून नेला. पहिला त्यांच्या मागं घालायला कुणी नाही म्हणून होता. दुसरा त्यांनी स्वतः घातलेला, जो मी टाकीतून काढून घेतला होता.